सौम्य प्रदेशांतील उष्मा

जेथील हवा सौम्य, तेथें जीवित निर्धास्त, अशी सामान्य समजूत असते. ती किती फसवी आहे हें कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उदाहरणावरून दिसतें. महासागराच्या सान्निध्यामुळें त्या किनाऱ्यावरील उन्हाळा सुखद. अर्थात् पुष्कळ घरांत हवा थंड करण्याचीं यंत्रें नव्हतीं. २०२१ च्या जूनअखेर उच्च दाबाची हवा त्या प्रदेशावर झांकणासारखी बसली. खालीं उतरणारी हवा दबून तापली, आकाश निरभ्र झालें आणि २९ जून रोजीं लिटन या लहानशा गांवीं पारा ४९.६ अंश सेंटिग्रेडवर गेला. दुसऱ्याच दिवशीं आगीनें त्या गांवाचा बहुतेक भाग भस्मसात् केला.

परंतु आमच्या मनाला चटका लावणारी गोष्ट निराळीच आहे. त्या उष्म्यानें प्रांतांत ६१९ माणसें दगावलीं. सरकारी चौकशींत असें आढळलें कीं, त्यांपैकीं शेंकडा ९८ जण घरांत असतांनाच उष्म्याच्या तडाख्यांत सांपडले. शेंकडा ६७ जणांचें वय सत्तर वा अधिक होतें, आणि निम्म्याहून अधिक एकटे राहत होते. वार्धक्यांत तहान मंदावते, घाम कमी येतो. देह तापला हें वृद्धास स्वतःस उशिरां कळतें. तें जवळच्या माणसानेंच ओळखावयाचें असतें.

आमचीं कुटुंबें एकत्र आहेत, म्हणून आम्हांस ही भीति नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. घरांत दहा माणसें असूनहि माडीवरील खोलींत वृद्ध एकटाच असूं शकतो. यास्तव उन्हाळ्यांत वडीलधाऱ्यांची खाट खालच्या, वारा खेळणाऱ्या खोलींत आणावी, आणि ते मागतील याची वाट न पाहतां पाण्याचें भांडें त्यांच्या हातीं द्यावें.