परत वळलेला प्रकाश, मागे वळलेली जीभ

अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात आला की घरातली माणसं आधी टक्के शोधतात. त्या टक्क्यांशेजारी नावं असतात एलएडी, आरसीए आणि एलसीएक्स. यातलं तिसरं म्हणजे ‘लेफ्ट सर्कमफ्लेक्स’. हृदयाला रक्त पुरवणारी डावी मुख्य धमनी थोडं अंतर गेल्यावर दुभागते. एक फाटा हृदयाच्या पुढच्या अंगावरून खाली उतरतो. दुसरा डावं अलिंद आणि डावं निलय यांच्या मधल्या खाचेतून वळसा घेत पाठीमागे जातो. लॅटिनमध्ये ‘सर्कम’ म्हणजे भोवती आणि ‘फ्लेक्तेरे’ म्हणजे वाकवणे, वळवणे. नाव ठेवणाऱ्याने रक्तवाहिनी पाहिली आणि जे दिसलं तेच लिहून टाकलं.

सगळ्याच शब्दांच्या बाबतीत इतकं सरळ घडलेलं नाही. ‘फ्लेक्तेरे’ या धातूपासून इंग्रजीत आलेल्या शब्दांची संख्या मोठी आहे आणि विज्ञानातल्या काही शब्दांत त्या त्या काळाची समजूत गोठून राहिली आहे. समजूत पुढे बदलली, शब्द मात्र तसाच राहिला.

आधी सर्वांत परिचित शब्द उरकून टाकू. महाराष्ट्रात ‘फ्लेक्स’ म्हटलं की चौकातले वाढदिवसाचे फलकच डोळ्यांपुढे येतात. पॉलिएस्टरच्या जाळीदार कापडावर चढवलेलं हे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं; नळाचे पाइप त्याचेच. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. त्यांच्यामध्ये तेलकट पदार्थाचे छोटे रेणू शिरले की पकड सैल होते आणि कडक प्लास्टिक गुंडाळता येण्याजोगं होतं. अमेरिकेत गुडरिच कंपनीतले वॉल्डो सेमन 1926 मध्ये रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते, तेव्हा हे मऊ पीव्हीसी त्यांच्या हाती लागलं. उन्हात वर्षभर टांगलेला फलक घडी घालताना तडकतो, त्याचं एक कारण म्हणजे हेच छोटे रेणू हळूहळू निघून जातात. नेत्यांचे चेहरे त्याआधीच फिके पडलेले असतात, तो भाग वेगळा.

खरी गंमत प्रकाशाच्या शब्दांत आहे. आरशावरून प्रकाश माघारी येतो त्याला इंग्रजीत ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात, म्हणजे परत वळणं. पाण्यात शिरताना प्रकाशाची दिशा बदलते त्याला ‘रिफ्रॅक्शन’ म्हणतात. हा शब्द ‘फ्रांगेरे’ या धातूवरून आला, आणि त्याचा अर्थ मोडणे. पाण्यात अर्धी बुडवलेली काठी पाहा. आपण म्हणतो ती वाकलेली दिसते. लॅटिन लिहिणाऱ्यांच्या लेखी ती मोडलेली होती, आणि त्यांचं निरीक्षण जास्त चोख म्हणावं लागेल, कारण पाण्याच्या पातळीवर काठीला गोलाई येत नाही, एकदम कोन पडतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतले परावर्तन आणि अपवर्तन हे शब्द मात्र ‘वृत्’ या एकाच धातूचे आहेत. तिथे मोडतोड नाही, नुसतं वळणं आहे.

न्यूटन यांच्या 1704 सालच्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथाच्या पूर्ण शीर्षकात या दोन शब्दांबरोबर तिसराही आहे, ‘इन्फ्लेक्शन’. प्रकाशाच्या वाटेत केस धरला तर त्याची सावली सरळ रेषेच्या हिशेबाने पडायला हवी त्यापेक्षा रुंद पडते आणि तिच्या कडेला रंगीत पट्टे दिसतात. बोलोन्याचे जेझुइट पाद्री ग्रिमाल्दी यांनी असे प्रयोग आधीच केले होते. त्यांच्या मृत्यूनंतर 1665 मध्ये आलेल्या पुस्तकात या प्रकाराला ‘डिफ्रॅक्शन’ हे नाव होतं. तेही मोडण्याच्याच धातूचं. न्यूटन यांना ते पटलं नसावं. त्यांच्या मते प्रकाश म्हणजे कण, आणि केसाची कड त्या कणांना दुरूनच वळवते. पुढे प्रकाशाची तरंगकल्पना रुजली, ग्रिमाल्दी यांचा शब्द टिकला आणि न्यूटन यांचा प्रकाशशास्त्रातून गेला. गणितात मात्र वक्ररेषेचा बाक जिथे उलटतो त्या बिंदूच्या नावात तो अजून जिवंत आहे.

पण न्यूटन यांची कल्पना अगदीच वाया गेली असंही नाही. ‘ऑप्टिक्स’च्या शेवटी त्यांनी जे प्रश्न मांडले, त्यांतला पहिलाच होता की पदार्थ दुरून प्रकाशावर परिणाम करून किरणांना वाकवत नाहीत का? 29 मे 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन प्रिन्सिपे बेटावर आणि दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्राल गावी हेच तपासायला गेली होती. सूर्याच्या कडेला चाटून येणारा ताऱ्याचा प्रकाश 1.75 विकला (आर्कसेकंद) वळेल असं आइन्स्टाइन यांचं भाकीत होतं. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाने हिशेब केला तर याच्या निम्मं वळण निघतं. मोजमाप आइन्स्टाइनच्या बाजूने गेलं. या वळण्याला ‘डिफ्लेक्शन’ म्हणतात, धातू तोच.

आरशातला शब्द शरीरात शिरला तो सतराव्या शतकात. इंग्लंडमधले वैद्य थॉमस विलिस यांची कल्पना अशी होती की संवेदना मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते आणि तिथून उलट फिरून स्नायूंकडे येते, जशी किरणं आरशावरून फिरतात. अशा हालचालीला त्यांनी परत वळलेली, ‘रिफ्लेक्स’ म्हटलं. 1833 मध्ये मार्शल हॉल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाखवलं की यासाठी मेंदू लागतोच असं नाही, मज्जारज्जू पुरतो. जागा बदलली, पण आरसा होता तिथेच.

तो फोडला मज्जासंस्थेचे अभ्यासक चार्ल्स शेरिंग्टन यांनी. अनवाणी चालताना काटा टोचला की पाय वर उचलला जातो. पाय दुमडणारे स्नायू आखडतात. त्याच क्षणी पाय ताठ करणाऱ्या स्नायूंना सैल पडण्याचा आदेश जातो, नाहीतर दोन्ही गट एकमेकांशी झगडत बसले असते. शिवाय दुसऱ्या पायाला नेमका उलट आदेश जातो, की ताठ राहा, सगळा भार आता तुझ्यावर. आरसा एका किरणाच्या बदल्यात एकच किरण परत देतो. इथे एक टोचणी आत जाते आणि चार वेगळे हुकूम बाहेर पडतात. मज्जारज्जू संदेश परतवत नाही, तो वाटप करतो. या कामाचं सार शेरिंग्टन यांच्या 1906 च्या पुस्तकात आहे आणि 1932 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मराठीतला ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ हा शब्दही, पाहायला गेलं तर, उलट फेकलेल्या वस्तूचंच चित्र काढतो.

डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात ती तपासणी 1875 मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मांडली. ठोक्याने मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो आणि उत्तरादाखल आखडतो. दोन चेतापेशी आणि त्यांच्यामधला एकच सांधा, एवढ्यावर काम भागतं. या सर्वांत प्रसिद्ध ‘रिफ्लेक्स’मध्ये पाय वाकत मात्र नाही. सरळ होतो.

लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यातल्या डीएसएलआरमधला ‘आर’ही ‘रिफ्लेक्स’चाच, आणि तिथे खरोखरच आरसा असतो. भिंग आणि सेन्सर यांच्यामध्ये तिरका बसवलेला, फोटो काढताना उडी मारून बाजूला होणारा.

या कुळातला एक शब्द आपल्या जिभेवरचाच आहे. ट, ड, ण, ळ यांना आपण मूर्धन्य म्हणतो. मूर्धा म्हणजे डोकं, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी संस्कृत-अभ्यासकांनी या वर्णांना ‘सेरेब्रल’, म्हणजे चक्क मेंदूचे, करून ठेवलं होतं! आता भाषाशास्त्रात ‘रेट्रोफ्लेक्स’ म्हणतात, म्हणजे मागे वळलेले. शाळेत ‘देवेन’ पण ‘रामेण’ असं पाठ केलेल्यांना ‘न’चा ‘ण’ होणं ओळखीचं असेल. प्रातिशाख्यांमध्ये, म्हणजे वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांमध्ये, दंत्य वर्णाच्या अशा बदलाला ‘नति’ म्हटलं आहे. नति म्हणजे वाकणं. लॅटिनची मदत न घेता आपल्याकडच्या वैयाकरणांनी जिभेची तीच हालचाल टिपली होती.

ती खरंच किती वळते? पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी संबंध असलेले भाषाशास्त्रज्ञ पेरी भास्करराव आणि ध्वनिशास्त्रज्ञ पीटर लॅडेफोगेड यांनी 1983 मध्ये एक्स-रेच्या आधारे हे तपासलं. तमिळ आणि तेलुगूत जिभेचं टोक इतकं उलटं फिरतं की टोकाची खालची बाजू टाळूला लागते. हिंदीत टोक दातांमागच्या उंचवट्याच्या जरा मागे टेकतं, इतकंच. दोन्हींना नाव एकच, ‘मागे वळलेले’. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतही या सगळ्यांना सारखंच वागवलं आहे: ‘ट’पासून ‘ळ’पर्यंत प्रत्येक चिन्हाच्या पायाला उजवीकडे वळलेला एक आकडा.