ठाण्याचा खर्च कोणत्या तिजोरीतून?

शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा या बाजारपेठेच्या गावी नगरपरिषद असल्याने पोलीस ठाण्याचा खर्चही तीच सोशीत असावी, असे कोणास वाटणे स्वाभाविक असले, तरी संविधानाच्या सातव्या अनुसूचीने पोलीस हा विषय राज्यसूचीत घातला असल्यामुळे, शिपायाच्या मुशाहिऱ्यापासून गस्तीच्या गाडीतील डिझेलपर्यंतचा भार विधिमंडळाने गृहविभागास मंजूर केलेल्या रकमेवर पडतो. ही तरतूद ‘2055 पोलीस’ या लेखाशीर्षाखाली येते; धुळ्याच्या पोलीस अधीक्षकांच्या कचेरीतून गेलेली देयके कोषागार पारित करते.

या तरतुदीतील फार मोठा हिस्सा वेतन व भत्ते यांतच खर्ची पडतो. मुद्देमाल नाशिकच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत वेळेवर पोचविणे, परजिल्ह्यात आरोपीचा माग काढणे, ही खरी तपासाची कामे उरलेल्या तुटपुंज्या रकमेवर चालावीत, ही गोष्ट मला चिंतनीय वाटते.

वाहने आणि सीसीटीव्ही कॅमेरे यांकरिता जिल्हा नियोजन समितीच्या निधीचाही आधार मिळतो. वाहतुकीचा दंड मात्र ठाण्याच्या पेटीत राहत नाही. तो सरकारजमा होतो. खासगी व्यक्तीने मागितलेल्या जादा बंदोबस्ताचा खर्च 1951 च्या पोलीस अधिनियमान्वये तिच्याचकडून वसूल करता येतो.