मराठी शोधलेख आणि शोधयंत्रे : संकेतस्थळाच्या रचनेचा विचार

प्रस्तावना

अनेक महाविद्यालयांच्या संशोधनपत्रिका आज संकेतस्थळावरही प्रसिद्ध होतात. तथापि, लेख संकेतस्थळावर असणे आणि तो वाचकाला सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्याच विषयावर अन्यत्र काम करणाऱ्या संशोधकाला तो सापडला नाही, तर झालेलेच काम तो पुन्हा करतो आणि मूळ लेख संदर्भावाचून पडून राहतो. मराठी लेखांच्या बाबतीत असे का घडते व रचना करतानाच ते कसे टाळता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शोधयंत्राची कार्यपद्धती

शोधयंत्राचे कार्य तीन टप्प्यांत चालते. प्रथम 'क्रॉलर' ही आज्ञावली एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानांवर जात मजकूर गोळा करते. नंतर ग्रंथाच्या शेवटी असते तशी त्या मजकुराची शब्दसूची तयार होते. अखेरीस वाचकाने विचारलेल्या शब्दांशी जुळणारी पाने क्रमाने मांडली जातात. इतर पानांनी दिलेल्या दुव्यांवरून पानाचे महत्त्व ठरविण्याची पद्धत लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडली. शोधनिबंधाला मिळालेल्या संदर्भांवरून त्याचे मूल्य जोखण्यासारखाच हा विचार आहे. सारांश, ज्या पानापर्यंत दुवा नाही आणि ज्यात वाचता येण्याजोगा मजकूर नाही, ते पान शोधयंत्राच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसते.

मराठीपुढील विशेष अडचण

जुन्या फाँटमध्ये जुळविलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो. संगणकाच्या स्मृतीत मात्र रोमन अक्षरेच असतात. उदाहरणार्थ, कृतिदेव फाँटमधील 'मराठी' हा शब्द ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपात साठविला जातो. साहजिकच 'मराठी' असा शोध घेणाऱ्यास तो सापडत नाही. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरी लिपीला स्वतंत्र संकेतांक आहेत. त्यामुळे युनिकोड मजकुराबाबत ही अडचण राहत नाही. स्कॅन केलेली पाने ही मुळात चित्रे होत. शोधयंत्रे चित्रांतील अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करतात. परंतु अस्पष्ट छपाई व जोडाक्षरे यांत चुका होतात.

रचनेतील आवश्यक बाबी

१. मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुने अंक रूपांतरित केल्यावर मुद्रितशोधन अवश्य करावे. पीडीएफमधील एक परिच्छेद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून पाहावा. तेथे शुद्ध मराठी दिसली नाही, तर शोधयंत्रालाही ती नीट मिळणार नाही.

२. संपूर्ण अंक एकाच फाइलमध्ये न ठेवता प्रत्येक लेखाला स्वतंत्र फाइल, स्वतंत्र पान व न बदलणारा पत्ता द्यावा. २००४ मध्ये सुरू झालेल्या गूगल स्कॉलरचीही प्रत्येक लेख स्वतंत्र फाइलमध्ये असावा, अशी अपेक्षा आहे.

३. प्रत्येक पानाच्या शीर्षकात 'मुखपृष्ठ' किंवा केवळ महाविद्यालयाचे नाव न देता लेखाचे व लेखकाचे नाव द्यावे. सारांश पानावरच मजकूररूपात असावा. पानाच्या आत दडविलेल्या बीजशब्दांच्या यादीचा क्रमवारीसाठी उपयोग होत नाही, हे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे.

४. मुखपृष्ठावरून अंकांच्या सूचीकडे व तेथून प्रत्येक लेखाकडे साधे दुवे असावेत. 'येथे क्लिक करा' याऐवजी लेखाचे शीर्षकच दुवा म्हणून वापरावे.

५. कोणती पाने वाचू नयेत हे क्रॉलरला सांगणारी 'रोबॉट्स' ही छोटी फाइल तपासावी. संकेतस्थळाच्या चाचणीच्या काळात घातलेली एखादी ओळ तशीच राहिल्यास संपूर्ण स्थळ क्रॉलरला बंद होऊ शकते.

समारोप

वरील बाबींना मोठा खर्च लागत नाही. मात्र त्या अंक तयार होतानाच साधाव्या लागतात. अक्षरजुळणी कोणत्या फाँटमध्ये करावी, हा निर्णय केवळ मुद्रकावर सोपविण्याजोगा राहिलेला नाही. तो संपादक मंडळाने घ्यावयाचा शैक्षणिक निर्णय आहे; कारण मराठीतील ज्ञान पुढील संशोधकाच्या हाती पडेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.