खुली प्रणाली, बंद फोन

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये लिनक्सवर काम करणारे अभियंते थोडेथोडके नाहीत. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर त्यांच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचेच कर्नल असते. ज्या प्रणालीचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, ती खिशात असूनही फोनधारकाचा तिच्यावर हक्क चालत नाही, हे मला फार खटकते.

अँड्रॉइडचा गाभा खुल्या परवान्याने मिळतो, पण प्ले स्टोअर आणि त्यामागच्या सेवा गूगलच्या मालकीच्या आहेत. त्या हव्या असतील तर उत्पादकाला करार करावा लागे, आणि अँड्रॉइडची स्वतःची वेगळी आवृत्ती काढण्यावर त्यात बंधन असे. याच करारांवर बोट ठेवून भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले.

पर्याय आलेच नाहीत असे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवर चालणारा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आणला. पुढच्या जानेवारीत सॅमसंगचा टायझेनवरचा झेड१ आला, २०१६ मध्ये सेलफिशवरचा ॲक्वा फिश. तिन्ही मागे पडले. किंमत आडवी आली नाही. फायरफॉक्स ओएसवर अधिकृत व्हॉट्सॲपच नव्हते, मग गिऱ्हाईक तो फोन घेऊन करणार काय? डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडल्याचे जाहीर केले. पण कोड खुला होता, म्हणून तो वाया गेला नाही. त्याच्यावरच कायओएस उभी राहिली आणि २०१७ च्या जिओफोनमधून घराघरांत पोहोचली.

महाराष्ट्रातला प्रयत्न इंडस ओएसचा. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँड्रॉइडवर भारतीय भाषांचा साज चढवला आणि २०१५ पासून ती मायक्रोमॅक्सच्या फोनांत दिसू लागली. पुढे फोनपेने कंपनी विकत घेतली, आणि २०२४ मध्ये त्यातून इंडस ॲपस्टोअर निघाले. प्रणाली मागे राहिली, दुकान उरले.

पुण्याचे योगदान याहून जुने आहे. श्रीलिपी हे भारतीय भाषांचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे फाँट रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ नावाने खुल्या परवान्यात आणले. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांची मोठी सोय त्यातून झाली.

आज अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यावर उभ्या लिनेजओएससारख्या प्रणाली जुन्या फोनला नवे आयुष्य देतात. अडचण तीन ठिकाणी येते. फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा बूटलोडर कुलूपबंद असतो, चिपचे ड्रायव्हर बंदिस्त असतात आणि बूटलोडर उघडलेल्या फोनवर बँकांची काही ॲप चालायला नकार देतात. यातली ड्रायव्हरची अडचण सर्वांत चिवट. चिपनिर्मात्याने हात आखडला की उत्साही अभियंताही फारसे काही करू शकत नाही. सुरक्षेची बँकांची काळजी समजते, पण कंपनीने अपडेट थांबवलेला फोन चालतो आणि ताजी सुरक्षा असलेली खुली प्रणाली चालत नाही, हे मला पटत नाही.

हिंजवडीतल्या अभियंत्यांना माझी विनंती आहे. कपाटात पडलेला जुना फोन काढा, लिनेजओएसच्या यादीत त्याचे मॉडेल आहे का ते पाहा, आतले सगळे आधी दुसरीकडे उतरवून घ्या, कारण बूटलोडर उघडताना फोन पुसला जातो. मॉडेल यादीत नसेल, तर ते यादीत आणण्याचे काम तुम्हीच हाती घ्या.