अडवावं तरी कुणाला?

जयपूरच्या मुरलीपुऱ्यात असो वा आपल्या मिरजेत, औषधाच्या दुकानात मधुमेहावरचं सिटाग्लिप्टिन आज सहज मिळतं. जुलै २०२२ मध्ये भारतातलं पेटंट संपलं आणि भाव उतरला. ही गोळी थेट साखरेवर काम करत नाही. जेवल्यावर आतड्यातून सुटणारं एक संप्रेरक इन्सुलिन वाढवतं. त्याला मोडणाऱ्या एन्झाइमला ती अडवते. मग खुद्द इन्सुलिन मोडणारं एन्झाइमच का अडवू नये? असं एन्झाइम असल्याचं मिर्स्की आणि ब्रोह-कान यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं, तेव्हापासून हा प्रश्न लोंबकळतो आहे. आयडीई हे त्या एन्झाइमचं आजचं नाव. त्याला अडवणारी गोळी मात्र अजून बाजारात नाही.

कारण आयडीई एकट्या इन्सुलिनवर थांबत नाही. शिकागोच्या वेई-जेन तांग यांच्या गटानं २००६ मध्ये मानवी आयडीईची रचना उलगडली. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवल्यासारखी ती दिसते. आतल्या पोकळीत जस्ताचा अणू, आणि कापाकापी तिथेच होते. ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन त्यात मावतं. साखर वाढवणारं, २९ आम्लांचं ग्लुकागॉनही मावतं. आणि अल्झायमरमध्ये मेंदूत ज्याची पुटं चढतात, ते चाळिसेक आम्लांचं बीटा-अ‍ॅमिलॉइडसुद्धा. आयडीईच नसलेल्या उंदरांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइड साचलं होतं, आणि रक्तात इन्सुलिन चढूनही साखर आवरत नव्हती.

२०१४ चा प्रयोग तर बुचकळ्यात टाकणारा. हार्वर्डमध्ये डेव्हिड लिउ आणि अ‍ॅलन साघातेलियन यांच्या गटांनी १३,८२४ वर्तुळाकार रेणूंमधून ‘६बीके’ हा आयडीई-रोधक वेचला. उंदरांना तो टोचून ग्लुकोज तोंडावाटे पाजलं, तर साखर लवकर आटोक्यात आली. तेच ग्लुकोज पोटात टोचलं, तर साखर उलट जास्त चढली! पाजलेल्या ग्लुकोजमुळे आतड्याची संप्रेरकं जागी होऊन इन्सुलिन भरपूर सुटतं, म्हणून ते वाचवण्याचा फायदा दिसतो. टोचल्यावर इन्सुलिन बेताचंच सुटतं आणि वाचलेलं ग्लुकागॉन बाजी मारतं. औषध एकच, उंदीरही तसेच. साखर कुठून आली एवढ्यावर निकाल फिरला.

मला महत्त्वाचा वाटतो तो २०१९ चा टप्पा. लिउ यांच्याच गटानं जस्तापासून दूर, पोकळीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसणारे छोटे रेणू शोधले. ते तिथे बसले की इन्सुलिनला जागा उरत नाही, ग्लुकागॉन मात्र शेजारून आत येतं आणि कापलं जातं. एन्झाइम, रेणू आणि ग्लुकागॉन तिघं एकत्र असलेला स्फटिक करून त्यांनी ही बैठक क्ष-किरणांनी टिपलीही. एन्झाइम बंद न पाडता त्याची निवड बदलायची, ही युक्ती इथे जमली.

अ‍ॅमिलॉइडचा प्रश्न उरतोच. मधुमेहाची गोळी माणूस वीस-वीस वर्षं घेतो, आणि मेंदूतली पुटंही विसराळूपणा दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून चढू लागतात. अशा रेणूची गोळी करायची तर तो अ‍ॅमिलॉइडच्या वाटेत येत नाही, हे आधी दाखवावं लागेल. उंदरांवरच्या थोड्या दिवसांच्या साखरचाचणीत ते कळण्यासारखं नाही.