निपाणीच्या वखारी

निपाणी म्हटले की तंबाखू आठवते. वेदगंगेच्या परिसरातील काळ्या जमिनीत हे पीक पिके. पुणे–बंगळूर हमरस्त्यामुळे त्याची ने-आण सुलभ झाली आणि गावात वखारी उभ्या राहिल्या. तेथे तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करीत. उग्र धुळीने त्यांचा श्वास कोंडे. घरोघरी टेंभुर्णीच्या पानांत जर्दा भरून विड्या वळल्या जात. १९८१ साली रास्त भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तोच हमरस्ता रोखला. वखारीतील स्त्रियांनीही संघटना उभारली. त्यांच्या लढ्यावर १९८२ मध्ये माहितीपट निघाला. निपाणीच्या व्यापाराचा इतिहास सांगताना पेढीवरील गादीइतकीच चाळणीवरील हातांचीही नोंद घेतली पाहिजे.