लेकरू पडलं, तर आईला कधी सांगायचं?

मैत्रिणींनो, पाळणाघरात लेकरं पडणार, एकमेकांना चावणारही. पण अंघोळ घालताना आईच्या हाताला टेंगूळ लागतं, तेव्हा विश्वास तुटतो. म्हणून आम्ही गटातल्या बाया म्हणतो, किरकोळ खरचटलं तरी लेकरू नेताना सांगा: किती वाजता, कशानं, जवळ कोण होतं, काय लावलं. वहीत लिहून सही किंवा अंगठा घ्या. कोण चावलं त्याचं नाव मात्र नको, उगाच गल्लीत भांडण. आणि आयांनो, खरं सांगणाऱ्या ताईवर ओरडलात तर पुढच्या वेळी ती लपवेल.

डोक्याला मार लागला तर संध्याकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा. उलट्या झाल्या, लेकरू गुंगीत गेलं, तर आधी १०८, मग आई. लेकरू बरं दिसलं तरी आजीजवळ निरोप ठेवून भागत नाही. रात्रभर लक्ष आईलाच ठेवायचंय.